गव्हाणीच्या अलीकडचा हिशेब

दसऱ्याला बॉयलरचे अग्निप्रदीपन होते आणि दिवाळीच्या मागेपुढे गव्हाणीत मोळी पडते. त्याच्या थोडे आधी कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा होते आणि सभासदांच्या घरोघरी अहवाल पोचतो. आमचे वडील असे सभासद होते. त्यांच्या माघारी पत्र्याच्या पेटीत शेअरचे सर्टिफिकेट, उसाच्या बिलांच्या पावत्या आणि तीसेक वर्षांचे अहवाल निघाले. बाकीचे कागद भावाकडे गेले, अहवाल माझ्याकडे आले. पुढे ओळखीपाळखीतून आणखी काही कारखान्यांचे अहवाल मिळवले. गेली काही वर्षे मी ते सवडीने वाचते आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या अंकात या कागदांबद्दल लिहायचे कारण असे की, सहकारी साखर कारखान्याचा अहवाल हा मराठी गद्याचा एक प्रकार आहे. ज्या घरात कादंबरी कधी आली नाही, त्या घरात अहवाल दरसाल आला. त्याची रचना ठरलेली असते. आधी सभेची नोटीस, मग श्रद्धांजली, मग ‘सभासद बंधू-भगिनींनो’ म्हणून सुरू होणारे अध्यक्षांचे मनोगत, गाळप, साखर उतारा, ऊसविकास, उपपदार्थ, कामगार आणि शेवटी ताळेबंद व नफा-तोटा पत्रक. या रचनेत गेल्या पंचवीसेक वर्षांत एक नवा मथळा शिरला आहे: ‘पर्यावरण’. माझ्याकडच्या अहवालांत तो आधी वृक्षारोपणाच्या दोन ओळींपुरता होता. मग अर्धे पान झाला. आता त्याला रंगीत छायाचित्रांसह अख्खे पान मिळते.

या पानाचे म्हणणे थोडक्यात एकच असते. नफा आणि पर्यावरण यांच्यात भांडण नाही. जे पूर्वी फेकून देत होतो ते आता विकतो. त्यामुळे प्रदूषणही थांबले आणि उत्पन्नही वाढले. उद्योग आणि निसर्ग यांचा मेळ कसा घालावा, यावर देशोदेशी लिहिले जाते त्याचाही सूर साधारण हाच. हे म्हणणे खोटे आहे, असे मला दाखवायचे नाही. ते बरेचसे खरे आहे. पण ते किती अंतरापर्यंत खरे आहे आणि कुठे थांबते, हे अहवालाच्या वाक्यांतूनच कसे कळते, ते पाहायचे आहे.

१

आधी खरे काय आहे ते पाहू. गव्हाणीत टनभर ऊस पडला असे धरू. त्यात साधारण ७०० किलो पाणीच असते. महाराष्ट्रातला चांगला उतारा धरला तर त्यातून ११० किलोच्या आसपास साखर निघते. २८० ते ३०० किलो ओले चिपाड, म्हणजे बगॅस, उरते. ४० ते ४५ किलो मळी उरते आणि तितकाच किंवा थोडा कमी प्रेसमड. आमच्या भागात प्रेसमडलाही मळीच म्हणतात. साखर सोडून जे काही खाली बसते ते मळी, असा साधा हिशेब. शब्दातच मळ ऐकू येतो.

यातल्या प्रत्येक वस्तूचा इतिहास हा कचऱ्यापासून मालापर्यंतचा आहे. बगॅस पूर्वीही बॉयलरमध्येच जळत असे, पण कमी दाबाच्या बॉयलरमध्ये तो कसाबसा जाळून संपवायचा, एवढाच हेतू असे. जास्त दाबाचे बॉयलर आणि टर्बाइन आल्यावर त्याच बगॅसपासून कारखान्याची गरज भागून वर वीज उरू लागली आणि ती महावितरणला विकली जाऊ लागली. मळीचे भाव १९६१च्या नियंत्रण आदेशाने बांधलेले होते. ती साठवायची कुठे, हीच पूर्वी पंचाईत असे. १९९३ मध्ये नियंत्रण उठले आणि मळीला बाजार मिळाला. पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. २०१८च्या जैवइंधन धोरणानंतर साखरेचा काही अंश मुद्दाम मागे ठेवलेल्या ‘बी-हेवी’ मळीपासून आणि थेट रसापासूनही इथेनॉल होऊ लागले. २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रण गाठले. प्रेसमड खत म्हणून शेतात जातो.

इथपर्यंत नफा आणि पर्यावरण खरोखरच एका वाटेने चालतात आणि त्याचे कारणही सोपे आहे. बगॅस, मळी, प्रेसमड या सगळ्या वस्तू गव्हाणीच्या आत, कारखान्याच्या मालकीच्या आहेत. वाया गेल्या तर तोटा कारखान्याचा, कामी आल्या तर फायदा कारखान्याचा. आपल्या घरातली गळती थांबवायला उपदेश लागत नाही. १९७५ मध्ये थ्री-एम या अमेरिकन कंपनीने प्रदूषण रोखणे फायद्याचे असते, अशा अर्थाच्या नावाने एक कार्यक्रम सुरू केला. त्याचे मर्मही हेच होते: धुराड्यातून जाते तो आपलाच पैसे देऊन घेतलेला कच्चा माल असतो.

२

आता दुसरी गोष्ट, जी अहवालात पहिलीसारखीच सांगितली जाते, पण तशी नाही. टनभर उसाच्या मळीतून साधारण १० लिटर अल्कोहोल निघते आणि त्याच्यामागे १०० लिटरच्या आसपास स्पेंटवॉश उरतो: गडद तपकिरी, आंबूस उग्र वासाचे पाणी. पाण्यातला सेंद्रिय मळ कुजताना किती प्राणवायू ओढून घेतो, याच्या मापाला बीओडी म्हणतात. गावाच्या सांडपाण्यात तो लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये ४० हजारांच्या वर असतो. असे पाणी ओढ्यात गेले की मासे गुदमरून मरतात आणि काठच्या विहिरींना रंग येतो. नदीकाठच्या ज्या गावांनी हे पाहिले आहे, त्यांना ‘मळीचे पाणी’ हे दोन शब्द पुरेसे असतात.

हे पाणी सोडून देणे हा कारखान्याचा तोटा नव्हता. उलट ती बचत होती. तोटा खालच्या गावाचा होता आणि खालचे गाव ताळेबंदात कुठेच नव्हते. म्हणून ही गळती आपोआप थांबली नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये झाला. २००३ मध्ये केंद्राने १७ प्रदूषणकारी उद्योगांसाठी जबाबदारीची सनद काढली आणि त्यात आसवन्यांवर नदी-नाल्यात सांडपाणी अजिबात न सोडण्याचे बंधन आले. त्यानंतर प्रेसमडवर स्पेंटवॉश फवारून कंपोस्ट करणे, तो आटवून घट्ट करणे, तो घट्ट द्रव खास बॉयलरमध्ये जाळणे, हे उपाय पसरले. जाळल्यावर जी राख उरते तिच्यात पोटॅश भरपूर असते. भारत पोटॅश जवळजवळ सगळे आयात करतो. म्हणून या राखेपासूनच्या पोटॅशला सरकारने खत म्हणून मान्यता दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये खत कंपन्यांना ते विकण्यासाठी टनाला ४,२६३ रुपये असा दर ठरला. ओढा मारणारे पाणी दोन दशकांत विकाऊ खत झाले. ही कहाणी मला मनापासून आवडते.

पण अहवालात ती कशी लिहिली जाते, ते पाहण्यासारखे आहे. तिथे क्रम उलटा होतो. आधी येते ‘संचालक मंडळाची दूरदृष्टी’, मग ‘पर्यावरणपूरक प्रकल्प’, मग उत्पन्नाचा आकडा. नोटिसा, सनद, बंद करण्याचे इशारे, काठच्या गावांचे मोर्चे यांपैकी काहीच नसते, किंवा ‘शासनाच्या निकषांनुसार’ या एका शब्दबंधात ते सगळे गुंडाळलेले असते. ‘बसविण्यात आला’, ‘कार्यान्वित करण्यात आला’ अशी कर्ता नसलेली वाक्ये येतात. ज्या गोष्टीचा कर्ता कायदा किंवा त्रस्त शेजारी होता, ती आपोआप घडल्यासारखी वाटते.

हा केवळ शैलीचा दोष असता तर सोडून दिला असता. त्यातून चुकीचा धडा निघतो. मायकेल पोर्टर या अर्थतज्ज्ञाने १९९०च्या दशकात मांडले की, नीट आखलेले कडक नियम उद्योगाला नव्या युक्त्या शोधायला लावतात आणि पुष्कळदा त्यातून नियम पाळण्याचा खर्च भरूनही निघतो. त्या मांडणीवर वाद झाले, पण स्पेंटवॉशपुरती ती चपखल बसते. आधी नियम आला, मग युक्ती आली, मग नफा आला. अहवालातला क्रम मात्र वाचकाला सांगतो की, उद्योगाला मोकळे सोडा, नफ्याच्या ओढीने तो स्वतःच निसर्ग राखील. उद्योगाचे सगळ्यांत चांगले उदाहरण घेऊन त्याच्या विरुद्ध अर्थ काढला जातो.

३

तिसरी गोष्ट अहवालात नाहीच. ती म्हणजे पाणी. म्हणजे पाण्याचा उल्लेख आहे, पण गव्हाणीच्या आतल्या. २०१६च्या नियमांनुसार साखर कारखान्याने बाहेर सोडायचे पाणी टनभर उसामागे २०० लिटरच्या आत ठेवायचे असते: निम्मे प्रक्रिया केलेले सांडपाणी, निम्मे पाणी थंड करण्याच्या व्यवस्थेतले. चांगले कारखाने त्याहून पुढे गेले आहेत. रस उकळताना जी वाफ निघते ती थंड करून ते पुन्हा वापरतात. ‘हंगामात ताजे पाणी घेतले नाही’ असे वाक्य मी अहवालांत वाचले आहे आणि ते शक्य आहे. कारण वर म्हटल्याप्रमाणे टनभर उसात ७०० लिटर पाणी असतेच. कारखाना उसातल्या पाण्यावर चालतो.

मग ते उसातले पाणी कुठून आले? विहिरीतून, बोअरमधून, कालव्यातून. कृषी खर्च व मूल्य आयोगाने उसाच्या दराबद्दलच्या आपल्या अहवालांत महाराष्ट्रासाठी जो हिशेब दिला, तो किलोभर साखरेमागे २,००० लिटरच्या आसपास पाण्याचा आहे. राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्रापैकी ४ टक्क्यांच्या आसपास जमीन उसाखाली आणि ओलिताचे सुमारे ७० टक्के पाणी त्याला, हेही त्याच आयोगाने नोंदवले. हे आकडे सरासरीचे आहेत. जमीन, हंगाम, पाणी देण्याची रीत यांप्रमाणे ते खालीवर होतात. तरी ढोबळ गणित करू. टनभर ऊस म्हणजे ११० किलो साखर, म्हणजे शेतात दिलेले सुमारे २ लाख २० हजार लिटर पाणी. कारखान्यात ज्या पाण्यावर नियम आहे, पान आहे, छायाचित्र आहे, ते २०० लिटर. एकास अकराशे हे प्रमाण झाले. पर्यावरणाचे पान लिहिताना आपण हजारातले एक मोजतो आहोत.

हे आकडे कोरडे वाटत असतील तर एप्रिल २०१६ आठवावा. लातूरला प्यायला पाणी नव्हते म्हणून मिरजेहून रेल्वेने पाणी नेले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत ५० हजार लिटर. एकूण ५ लाख लिटर पाणी घेऊन गाडी लातूरला पोचली, तेव्हा स्टेशनावर लोक जमले होते. किलोला २,००० लिटर या हिशेबाने त्या गाडीतले पाणी २५० किलो साखरेचे होते. म्हणजे ५० किलोची पाच पोती. त्याच मराठवाड्यात कारखान्यांची गोदामे होती आणि त्यांत पोती होती.

याचा अर्थ ऊस लावणारा शेतकरी दोषी, असा काढू नये. आमच्या घराचा स्लॅब उसाच्या बिलावर पडला आणि बहिणीचे लग्नही त्यावरच झाले. ज्या पिकाचा दर कायद्याने ठरलेला असतो आणि ज्याला घेणारा बांधावर येतो, असे पीक कोणीही लावील. मुद्दा वेगळा आहे. शेतकऱ्याने पाणी वाचवले तर त्याचा फायदा कोणाच्या वहीत दिसतो? उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, साखर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. त्यात पाण्याचा विचार नाही. कालव्याची पट्टी बहुतेक ठिकाणी अजून क्षेत्रावर, म्हणजे हेक्टरवर आहे; लिटरवर नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज २०२४ पासून मोफत आहे. लाइट रात्री येते, म्हणून मोटार ऑटोवर टाकून माणूस झोपतो आणि सरी सकाळपर्यंत भरत राहते. ठिबकने उसाचे पाणी बरेच वाचते आणि उत्पन्नही वाढते, हे कृषी विद्यापीठांनी वर्षानुवर्षे दाखवले. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात, अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकाला ठिबक किंवा तुषार सिंचनाशिवाय कालव्याचे पाणी द्यायचे नाही, असे कलम आले. २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. तरीही आमच्या भागात पाटाखालचा ऊस अजून सरीतच पाणी पितो. स्पेंटवॉशच्या नियमामागे बंद होण्याची भीती होती. इथे नियम मोडला तर कोणाचे काही बंद होत नाही.

४

आणखी एक गाठ आहे आणि ती नफ्यानेच बसली आहे. डिस्टिलरी आणि वीजप्रकल्प ही कर्जाने उभी केलेली यंत्रे असतात. ती जास्त दिवस चालली तरच हप्ते फिटतात. त्यामुळे गाळपक्षमता वाढते, शेजारच्या कारखान्याशी उसासाठी ओढाताण होते आणि ऊसविकासाच्या मथळ्याखाली क्षेत्र वाढवण्याचे उद्दिष्ट येते. कचऱ्याचा माल झाला की त्या मालासाठी मूळ पिकाची भूक वाढते. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच पाहिले होते. वाफेची यंत्रे काटकसरी झाली तसा कोळशाचा खप कमी न होता वाढला, कारण कोळसा वापरणे परवडू लागले. आपल्याकडे उसाचा प्रत्येक उपपदार्थ विकला जाऊ लागल्याने ऊस लावणे आणि गाळणे आणखी परवडू लागले. त्या पर्यावरणपूरक उत्पन्नाची किंमत भूजलाने दिली.

सरकारी कागदांना हे माहीत नाही, असेही नाही. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा दिला, त्यातच असे नोंदवले आहे की, उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते आणि म्हणून कमी पाण्याच्या पिकांकडे वळायला हवे. पुढे २०२३ चा पाऊस ओढला, साखर कमी पडेल असे दिसले आणि ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. ती काही दिवसांत थोडी सैल केली. त्या वर्षीच्या अहवालांतले मनोगत वाचताना मला जाणवले की, ‘शासनाच्या अचानक निर्णयामुळे’ हा शब्दबंध सगळीकडे आहे, पाऊस मात्र एखाद्या ओळीपुरता. ज्या धंद्याचा कच्चा माल मुख्यतः पाणी आहे, त्याच्या अहवालात पाऊस ही तोट्याची सबब म्हणून येते, खर्चाची बाब म्हणून येत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत हे बदलले असेल, म्हणून मी त्यांच्याकडेही वळले. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना जबाबदारीचा आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात पाण्याचा वापर द्यावा लागतो, हे चांगलेच आहे. पण तुलनेसाठी जो आकडा पुढे केला जातो, तो उलाढालीच्या रुपयामागे किती पाणी, असा असतो. समजा साखरेचा भाव किलोला ३६ रुपयांवरून ४० झाला. बाकी काहीही न बदलता रुपयामागचे पाणी १० टक्क्यांनी कमी झाले. एक थेंब वाचलेला नाही. शिवाय कुंपण तेच. पुरवठादारांकडचा, म्हणजे शेतातला, हिशेब मोठ्या कंपन्यांसाठीही अजून ऐच्छिक आहे आणि सहकारी कारखाने तर या नियमात येतच नाहीत. नफा, माणूस आणि पृथ्वी असा तिहेरी ताळेबंद ही कल्पना १९९४ मध्ये जॉन एल्किंग्टन यांनी मांडली. २०१८ मध्ये त्यांनीच, सदोष गाडी कंपनीने परत बोलवावी तशी, ती कल्पना परत बोलावत असल्याचे लिहिले. भांडवलशाहीचा फेरविचार व्हावा म्हणून मांडलेली गोष्ट हिशेब लिहिण्याची एक पद्धत होऊन बसली, अशी त्यांची तक्रार होती.

५

यावर नेहमीचे उत्तर येते: पाणी शेतकऱ्याचे, शेत शेतकऱ्याचे, कारखान्याचा काय संबंध? हे उत्तर खासगी कारखान्याच्या तोंडी एक वेळ शोभेल. सहकारी कारखान्यात शेतकरीच मालक आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी १९५०च्या सुमारास जो कारखाना उभा केला, त्यामागची कल्पनाच अशी होती की, शेत आणि कारखाना यांच्यातली भिंत काढायची आणि प्रक्रियेचा नफा शेतापर्यंत न्यायचा. नफ्यासाठी जी भिंत काढली, ती पाण्याच्या हिशेबासाठी पुन्हा उभी करता येत नाही.

शिवाय ही भिंत कागदावरचीच आहे. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे प्रत्येक प्लॉटची ऊसनोंद असते. त्यात गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, सगळे असते. तोड कधी द्यायची ते कारखाना ठरवतो. बेणे आणि खत उधारीने देतो आणि बिलातून कापून घेतो. एवढा तपशील ज्याच्याकडे आहे, त्याला विहिरीची पातळी आणि पाणी देण्याची रीत नोंदवणे अवघड नाही. त्यासाठी एक रकाना लागेल.

कारखाना गव्हाणीच्या अलीकडे येऊ शकतो, याचे उदाहरणही आहे. शिरोळ तालुक्यात अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. तिथल्या दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना बरोबर घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याची कामे केली आणि पडीक जमिनी पुन्हा पिकाखाली आल्या. तिथे जमीन मेली की ऊस घटतो आणि ऊस घटला की कारखाना अडचणीत येतो, हा धागा समोर दिसत होता. भूजलाचा धागाही तसाच आहे. फक्त तो जमिनीखाली असल्याने उशिरा दिसतो.

आपल्याकडे हा प्रश्न साखर कारखान्यांहून जुना आहे. दख्खनचे कालवे इंग्रजांनी काढले ते प्रामुख्याने दुष्काळ निवारणासाठी, म्हणजे पाऊस हुकला तर ज्वारी-बाजरी वाचावी म्हणून. पण कालव्याने खर्च काढला पाहिजे, अशी अपेक्षा होती आणि ज्वारी पावसाच्या वर्षी पाणी घेत नसे. दरसाल, बाराही महिने पाणी घेऊन पट्टी भरणारे पीक ऊस होते. नीरा कालव्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली, तिचा हेतू ऊस मर्यादेत ठेवून पाणी अधिक गावांत पसरावे, असा होता. तेव्हाच्या माणसांना दिसत होते की, परोपकाराच्या कामाला फायद्यात आणताना त्यातला परोपकार निसटू शकतो. दुष्काळासाठी काढलेले पाणी फायद्याचे झाले आणि दुष्काळ कालव्याच्या पलीकडे जिथे होता तिथेच राहिला.

म्हणून नफा आणि पर्यावरण यांचा मेळ बसतो का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. जी वस्तू आपल्या मालकीची आहे, तिच्यात तो आपोआप बसतो. जिचा तोटा शेजाऱ्याला होतो, तिच्यात कायद्याने बसवावा लागतो आणि एकदा बसवला की पुष्कळदा नफाही मागून येतो. आणि जी कोणाच्याच वहीत नाही, तिच्यात तो कधीच बसत नाही; वही आधी उघडावी लागते. साखर कारखान्यांनी पहिल्या दोन गोष्टी करून दाखवल्या आहेत. तिसरीसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. ठिबकच्या प्लॉटला टनामागे काही जादा दर, नोंदीत पाण्याचा रकाना, गाळपक्षमता वाढवण्याच्या ठरावाबरोबर कार्यक्षेत्रातल्या भूजलाचा आकडा आणि अहवालात त्याचे एक पान, एवढ्याने सुरुवात होईल. यातल्या पहिल्या गोष्टीला पैसे लागतील. ते बिलातून जातील आणि सभेत त्यावर आरडाओरडा होईल. तो झाला पाहिजे, कारण तो खर्च आजही होतोच आहे. फक्त ज्यांची विहीर आधी आटते ते तो भरतात आणि त्यांतले कित्येक सभासदही नाहीत.

यंदाच्या सभेआधी भावाने माझ्या सांगण्यावरून लेखी प्रश्न पाठवला: कार्यक्षेत्रात उसाला दरसाल किती पाणी लागते, याचा अंदाज शेतकी विभागाकडे आहे का? सभेत प्रश्न वाचला गेला. व्यासपीठावरून उत्तर आले की, सभासदांच्या सूचनेची नोंद घेण्यात येत आहे. मागे कोणीतरी हसले आणि मग दराचा विषय निघाला. पुढच्या वर्षी तो प्रश्न पुन्हा पाठवायचा, असे आम्ही ठरवले आहे. त्या वेळी ‘नोंद कोणत्या वहीत घेतली’ हेही विचारणार आहोत.